एम.एस्सी.ला प्रवेश झाला, आता क्रेडिटचं काय? खानदेशातल्या मुलामुलींसाठी

बी.एस्सी. होईपर्यंत विषय निवडायची वेळच आपल्यावर येत नाही. टाइमटेबल लागतं, त्याप्रमाणे वर्गात बसायचं, परीक्षा द्यायची. एम.एस्सी.ला मात्र पहिल्याच आठवड्यात हातात कोर्स रजिस्ट्रेशनचा फॉर्म पडतो. त्यात मेजर, मायनर, सपोर्टिंग असे रकाने असतात आणि सीनियर सांगतो, "आम्ही जे घेतलं तेच भर." बहुतेक जण तेच भरतात. मग दुसऱ्या वर्षी कळतं की प्रबंधाला जे लागत होतं ते शिकायचं राहूनच गेलं.

मी स्वतः कृषीच्या बाजूने हे सगळं पार केलं आहे आणि बॉटनीतल्या मित्रमैत्रिणींचं जवळून पाहिलं आहे. क्रेडिट म्हणजे कोर्सचं वजन मोजायचं एकक. माझं म्हणणं एवढंच: क्रेडिटचा तक्ता खालून वर वाचा. आधी प्रबंध कशावर करायचा, त्याला कोणता हंगाम लागेल, हे पाहा आणि मग विषय निवडा.

१. आधी वाट नक्की करा: कृषी की बॉटनी

"प्लांट सायन्समध्ये एम.एस्सी. करायची आहे" असं म्हणणाऱ्यासमोर दोन अगदी वेगळ्या वाटा असतात.

पहिली एम.एस्सी. कृषी. खानदेश महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरीच्या कार्यक्षेत्रात येतो आणि धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. कृषीविद्या, वनस्पती प्रजनन, रोगशास्त्र, कीटकशास्त्र असे विभाग या वाटेवर येतात. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांचे पदव्युत्तर प्रवेश महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेमार्फत, सीईटीवर होतात.

दुसरी एम.एस्सी. बॉटनी. ही कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत होते. त्यातली जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप यांसारखी कॉलेजं स्वायत्त आहेत, म्हणजे त्यांचा अभ्यासक्रम त्यांचा स्वतःचा. विद्यापीठाच्या साइटवरची पीडीएफ पाहून तिथले पेपर ठरवू नका.

इथला सगळ्यात मोठा खड्डा आधीच सांगतो. तीन वर्षांची बी.एस्सी. बॉटनी करून राज्यातल्या कृषी विद्यापीठात एम.एस्सी. कृषीला जाता येत नाही, तिथे चार वर्षांची कृषीची पदवी लागते. दर वर्षी कोणीतरी हुशार पोरगी बॉटनीत पहिली येते, वनस्पती प्रजननात जायचं ठरवते, सीईटीची पुस्तकं आणते आणि अर्ज भरताना अडते. बॉटनीतून पिकांच्या संशोधनाकडे जायचे इतर मार्ग आहेत, पण सरळ हा नाही.

दुसरा खड्डा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय प्रवेश परीक्षेचा. तिथे 'प्लांट सायन्सेस' हा एक ठरावीक गट असतो आणि त्यात प्रामुख्याने आनुवंशिकी-प्रजनन, रोगशास्त्र, बीजतंत्रज्ञान असे विषय येतात. कृषीविद्येचा, उद्यानविद्येचा, कीटकशास्त्राचा गट निराळा. केळीवर काम करायचं म्हणून कोणी प्लांट सायन्सेस निवडतो आणि मग उद्यानविद्येची जागा मागत बसतो. गटांची रचना त्या वर्षीच्या माहितीपत्रकात नीट पाहा, गेल्या वर्षीच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये नको.

२. कागदपत्रांची फाइल

हे लवकर उरकू. मूळ प्रती आणि झेरॉक्सचे दोन-तीन संच, शिवाय स्कॅन करून मोबाइलमध्ये:

- दहावी आणि बारावीची गुणपत्रकं
- पदवीच्या सगळ्या सत्रांची गुणपत्रकं, तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र
- कॉलेज सोडल्याचा दाखला. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन
- अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला
- जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र
- लागू असेल तर नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस
- उत्पन्नाचा दाखला
- शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र
- ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी
- आधार जोडलेलं बँक खातं. महाडीबीटीची शिष्यवृत्ती त्यातच येते

यातल्या दोन गोष्टी माणसाला रडवतात. नॉन-क्रीमी लेयरवर मुदत लिहिलेली असते आणि ती ३१ मार्चला संपते. एप्रिलमध्येच नव्यासाठी अर्ज टाका, कारण जूनमध्ये सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. आणि जात वैधता. नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावल भागातल्या आदिवासी मुलामुलींनी तर पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच त्याच्या मागे लागावं. बारावीला काढलेली वैधता घरात असेल तर तिची मूळ प्रत कुठे आहे, ते आजच वडिलांना विचारा.

३. कृषीचे ७० क्रेडिट

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सध्याच्या रचनेत मास्टर्सचे क्रेडिट असे वाटलेले आहेत:

- मेजर: २०
- मायनर: ८
- सपोर्टिंग: ६
- सामाईक कोर्स: ५
- सेमिनार: १
- प्रबंध-संशोधन: ३०

एकूण ७०. आता बघा, ३० क्रेडिट एकट्या प्रबंधाचे आहेत. मेजर, मायनर आणि सपोर्टिंग तिन्ही मिळून ३४. तरीही पहिलं वर्षभर सगळे वर्गातल्या विषयांच्या मार्कांवर भांडत असतात आणि प्रबंधाचा विषय "बघू, सर देतील" म्हणून सोडून देतात.

कोर्सच्या नावापुढे २+१ असं दिसेल. म्हणजे आठवड्याला दोन तास लेक्चर आणि एका क्रेडिटचं प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे दोन तास, त्यामुळे तीन क्रेडिटचा हा कोर्स आठवड्याचे चार तास खातो. पाचशेच्या मालिकेतले कोर्स मास्टर्सचे, सहाशेच्या मालिकेतले पीएच.डी.चे.

मेजर म्हणजे तुमच्या विभागाचे कोर्स. यादीत काहींवर तारांकन असतं, ते सक्तीचे. वनस्पती प्रजननात आनुवंशिकीची तत्त्वं, प्रजननाची तत्त्वं आणि संख्यात्मक आनुवंशिकी हे तिन्ही तारांकित आहेत आणि प्रत्येकी २+१ आहेत. त्यातच नऊ क्रेडिट संपतात. उरलेल्यांत खरी निवड असते. पण प्रत्येक कोर्स प्रत्येक सत्रात शिकवला जात नाही. पहिल्या सत्रात सोडलेला कोर्स पुढच्या वर्षीच्या पहिल्या सत्रातच परत येतो आणि तोवर तुम्ही शेतात असता. म्हणून विभागाच्या ऑफिसातून दोन्ही सत्रांची यादी एकदम मागून घ्या.

मायनर आणि सपोर्टिंग यांत गल्लत फार होते. मायनर हा तुमच्या मेजरला लागून असलेला विषय: प्रजननवाल्याला वनस्पती शरीरक्रियाशास्त्र किंवा बीजतंत्रज्ञान, रोगशास्त्रवाल्याला कीटकशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र. सपोर्टिंग हा मेजरशी थेट नातं नसलेला, पण संशोधनाला लागणारा विषय. आपल्याकडे तो बहुतेक वेळा संख्याशास्त्रच असतो. एका रकान्यातला कोर्स दुसऱ्यात भरला तर शेवटच्या सत्रात बेरीज ७० होऊनही पदवीची फाइल परत येऊ शकते.

सामाईक कोर्स पाच, प्रत्येकी एक क्रेडिट: ग्रंथालय व माहिती सेवा, तांत्रिक लेखन व संवाद, बौद्धिक संपदा, प्रयोगशाळेतल्या मूलभूत पद्धती आणि कृषी संशोधन-नीतिमत्ता-ग्रामीण विकास. यांचे गुण सरासरीत धरत नाहीत, त्यामुळे मुलं फिरकत नाहीत. पास व्हावंच लागतं मात्र. आणि तांत्रिक लेखनाचा तास बुडवू नका, कारण प्रबंध इंग्रजीत लिहायचा असतो. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या पोरांचं घोडं पिकाच्या ज्ञानावर अडत नाही, निष्कर्षाचा परिच्छेद लिहिताना अडतं.

मायनरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. "सोपे मार्क मिळतात" म्हणून मायनर घेऊ नका. पाचोरा-जळगाव पट्ट्यात बियाणे कंपन्यांत काम करायचं मनात असेल तर बीजतंत्रज्ञान घ्या. प्राध्यापकीकडे जायचं असेल तर कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची नेट तुमच्या मेजरच्या विषयात द्यावी लागते, म्हणून तिथे मेजरमधले जास्तीचे कोर्स घेणं शहाणपणाचं. आणि गावाकडे "मंग आते काय करी ऱ्हायना?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला एमपीएससीच सांगायची असेल, तर निदान वेळापत्रक हलकं ठेवा.

४. गाईड आणि सल्लागार समिती

मास्टर्सला तुमच्या सल्लागार समितीत किमान तीन जण असतात, गाईड अध्यक्ष. मायनर विषयाचा प्रतिनिधी त्यात हवा. संख्याशास्त्राचे सर समितीत घेता आले तर घ्याच, पुढे त्यांच्या दारात उभं राहायची पाळी येणारच आहे.

गाईड निवडताना नाव मोठं आहे का, यापेक्षा तीन प्रश्न विचारा. यंदा तुमच्याकडे शेत किती आणि कोणत्या पिकाखाली आहे? एखाद्या संशोधन प्रकल्पातून बियाणं, रसायनं, मजुरी मिळते का? आणि तुमचे मागचे विद्यार्थी किती सत्रांत सुटले? तिसरा प्रश्न त्यांना विचारू नका, मागच्या विद्यार्थ्यांना विचारा.

खानदेशात राहायचा फायदा इथे दिसतो. धुळ्यात बाजरीचं संशोधन चालतं, जळगावला केळी आणि तेलबियांची संशोधन केंद्रं आहेत. गाईड धुळ्याचे असले तरी प्रयोग केंद्रावर घ्यायला परवानगी मिळू शकते, पण तसं पत्र सत्राच्या सुरुवातीलाच लागतं. पेरणीच्या तोंडावर मागितलेलं पत्र पेरणीनंतर मिळतं.

५. हंगाम पाहून आराखडा

या पायरीवर सगळ्यात जास्त सत्रं वाया जातात, म्हणून जरा थांबून सांगतो.

प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की पहिलं सत्र दिवाळीच्या आसपास सुरू होतं. म्हणजे पहिला खरीप गेलेलाच असतो. पुढचा जून येईपर्यंत संशोधनाचा आराखडा, ज्याला सगळे सिनॉप्सिस म्हणतात, समितीकडून मंजूर झालेला हवा. मृगाचा पाऊस तुमच्या समितीच्या बैठकीसाठी थांबत नाही. जूनमध्ये पेरणी हुकली तर कापूस, तूर, मूग गेलं. मग रब्बीत हरभरा, गहू किंवा दादर ज्वारी धरावी लागते, नाहीतर उन्हाळी भुईमूग, तीळ, बाजरी. चालतं, पण विषय हंगामाने ठरवलेला असतो, तुम्ही नाही.

प्रजननवाल्यांनी आणखी एक गोष्ट आधी विचारावी: संकराचं बियाणं तयार आहे का? लाइन बाय टेस्टर पद्धतीचा (अनेक वाणांचा ठरावीक काही वाणांशी संकर करून पाहायचा) प्रयोग करायचा तर एका हंगामात संकर करायचे आणि पुढच्या हंगामात त्यांची पहिली पिढी मातापित्यांसोबत पेरून पाहायची. बाजरीत हे जमतं: उन्हाळ्यात संकर, खरिपात मूल्यमापन. कापसात वर्षाला एकच हंगाम. गाईडकडे मागच्या वर्षीचं संकरित बियाणं नसेल आणि विषय कापसाचा असेल, तर दोन वर्षांत पदवी होणं अवघड.

केळीचा मोह सगळ्यांना होतो. रावेर-यावलच्या पोराला घरची बाग सोडून दुसरं काही सुचत नाही, आणि जळगावच्या केळीला २०१६ पासून भौगोलिक मानांकनही आहे. पण लागवडीपासून घड कापेपर्यंत साधारण वर्ष जातं. मृगबाग जून-जुलैत लावली तर घड पुढच्या उन्हाळ्यात-पावसाळ्यात. कांदेबाग ऑक्टोबरात लावली तर त्याहून पुढे. उत्पादनाची आकडेवारी लागणारा विषय असेल तर चौथं सत्र उलटून जातं. केळीच करायची असेल तर रोपवाटिकेतल्या ऊतिसंवर्धित रोपांवर, करप्यावर किंवा सीएमव्ही विषाणूच्या प्रादुर्भावाच्या सर्वेक्षणावर विषय घ्या, ते काही महिन्यांत बसतं. विषाणूच्या कामाला एलायझा किंवा पीसीआर ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते. त्याचे किट कोण घेणार, हे आराखड्यात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर किट येत नाही.

आणि मे महिना. जळगावात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. कुंडीतला प्रयोग, परागीकरण, शेडनेटमधली रोपं, सगळ्याचे हाल होतात. "लॅबमध्ये एसी आहे" असं कोणी सांगितलं तर वीज गेल्यावर काय, तेही विचारा.

६. संख्याशास्त्राला घाबरू नका, पण पुढेही ढकलू नका

संख्याशास्त्राच्या पद्धती आणि प्रयोगांची रचना हे दोन्ही कोर्स आराखडा मंजूर व्हायच्या आत झालेले हवेत. कारण साधं आहे. आपल्याकडे बहुतेक प्रयोग यादृच्छिक गट रचनेत, म्हणजे सगळे ज्याला आरबीडी म्हणतात त्यात होतात. तिथे त्रुटीची स्वातंत्र्य संख्या (एरर डिग्रीज ऑफ फ्रीडम) निदान १२ असावी, असा संकेत आहे. ती अशी काढायची: उपचार (तुलनेसाठी घेतलेले वेगवेगळे वाण, खतं वगैरे) वजा एक, गुणिले पुनरावृत्ती (प्रत्येक उपचार किती वेळा लावला) वजा एक.

पाच उपचार आणि तीन पुनरावृत्ती घेतल्या तर चार गुणिले दोन, आठच. कमी पडले. चार पुनरावृत्ती केल्या तर चार गुणिले तीन, बारा. सात उपचार असतील तर तीन पुनरावृत्तींतच बारा होतात. हा हिशेब पेरणीआधी कागदावर होतो. पेरणीनंतर कळलं तर वाफे वाढवता येत नाहीत आणि समितीपुढे मान खाली घालावी लागते. उलट, हौसेने आठ उपचार, तीन पुनरावृत्ती घेतल्या तर २४ वाफे होतात. प्रत्येक वाफ्यातून नोंदीसाठी पाच झाडं धरली तरी दर वेळी १२० झाडं मोजायची, तीही भादव्याच्या उन्हात.

आकडेवारीसाठी हिसारच्या कृषी विद्यापीठाची ऑपस्टॅट ही ऑनलाइन सोय फुकट आहे. आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिकलात तर उत्तम. पैसे देऊन विश्लेषण करून घेणारे बरेच असतात. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक तक्त्यातल्या सीडीवर, म्हणजे दोन उपचारांतला फरक खरा मानायला लागणाऱ्या किमान आकड्यावर, बोट ठेवून "हा कुठून आला?" विचारतात, तेव्हा पैसे घेणारा तिथे नसतो.

७. बॉटनीवाल्यांचे ८८ क्रेडिट

राज्यात नव्या शैक्षणिक धोरणाची पदव्युत्तर रचना २०२३-२४ पासून लागू झाली. दोन वर्षांचे ८८ क्रेडिट, दर सत्राला २२. त्यातले ५४ सक्तीच्या मुख्य विषयांचे, १६ वैकल्पिक विषयांचे, ४ संशोधन पद्धतीचे, ४ ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टचे आणि १० संशोधन प्रकल्पाचे. पहिल्या वर्षानंतर ४४ क्रेडिट घेऊन पदव्युत्तर पदविका मिळवून बाहेर पडता येतं. फार मोठी अडचण असल्याशिवाय पडू नका.

वैकल्पिक विषयांची यादी लांबलचक दिसते, पण कॉलेजात ज्या विषयाचे शिक्षक आहेत तेवढेच पर्याय खरे. प्रवेशाआधी जाऊन विचारा.

ऑन जॉब ट्रेनिंगचे ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. मुलं ओळखीच्या दुकानातून सर्टिफिकेट आणतात. असं करू नका, ही एकच संधी असते. जळगावच्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा, ममुराबाद आणि पाल इथली कृषी विज्ञान केंद्रं, नंदुरबारकरांसाठी कोळद्याचं केंद्र, अशा ठिकाणी कॉलेजचं पत्र घेऊन आधी जाऊन या. पहिल्या भेटीत नाही म्हणाले तरी दुसऱ्यांदा जा.

संशोधन प्रकल्पासाठी सातपुडा दारातच आहे, म्हणून वनस्पती सर्वेक्षण हा विषय खूप जण घेतात. चांगलं आहे, पण यावल किंवा अनेर धरणासारख्या अभयारण्यात नमुने गोळा करायला वन विभागाची लेखी परवानगी लागते. वनरक्षक ओळखीचा आहे, हे पुरेसं नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा तिथे लागू आहे. अर्ज दुसऱ्या सत्रातच टाका. परवानगीला उशीर होत असेल तर अभयारण्याबाहेरचं क्षेत्र निवडा: शेताचे बांध, नदीकाठ, गावाची देवराई. पावसाळी वनस्पतींचा फुलोरा जुलै ते ऑक्टोबरात मिळतो, आणि फुलाशिवाय नमुना ओळखणं कठीण.

सोबत लागेल ते: छाटणी कात्री, खुरपं, वर्तमानपत्रं आणि टीपकागद, दाबयंत्र, नोंदवही, जीपीएस चालणारा मोबाइल, दहापट भिंग. हर्बेरियम शीट साधारण ४२ गुणिले २८ सेंटिमीटरचं. स्थानिक नाव नोंदवताना पावरी, भिली, तडवी आणि अहिराणी नावं वेगवेगळी लिहा आणि ज्यांनी सांगितलं त्यांची परवानगी घ्या. ओळख पक्की करून घ्यायला नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या कार्यालयात न्यावा लागू शकतो. जोडपत्रात त्यांचं पत्र असलं की परीक्षकांचे निम्मे प्रश्न संपतात.

८. सादर करताना

वाङ्मयचौर्य तपासणीत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत चालतं. साहित्य आढावा हे प्रकरण बहुतेकांना अडकवतं, कारण तो मागच्या प्रबंधातून उचललेला असतो. जुने कृषी प्रबंध कृषिकोश आणि पीएच.डी.चे शोधगंगा या ऑनलाइन संग्रहांत मिळतात. ते वाचा, शेजारी ठेवून टाइप करू नका. छपाई-बांधणीच्या आधी विद्यापीठाचा ठरलेला नमुना, समासाची रुंदी, मुखपृष्ठाचा रंग ग्रंथालयातून खात्री करून घ्या. शहरातले बायंडिंगवाले "सगळे असंच करतात" म्हणतात आणि चुकलं तर पैसे परत देत नाहीत.

९. पुढे पीएच.डी.

कृषीत पीएच.डी.ला १०० क्रेडिट: मेजर १२, मायनर ६, सपोर्टिंग ५, सेमिनार २ आणि संशोधन ७५. समितीत किमान चार जण. बॉटनीच्या बाजूला यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता आलीच, आणि त्यात ५५ टक्के लागतात. मास्टर्सला निवडलेलं मायनर पीएच.डी.ला बदलता येतं. मेजर बदलायचं असेल तर बहुतेक ठिकाणी दार बंद असतं, त्यामुळे तो विचार एम.एस्सी.चा पसंतीक्रम भरतानाच करा.